सायकलवरून कान्हेरीला

(मुंबई शहराच्या अगदी जवळ दाट जंगल आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील रस्त्यावरून कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकलने जाता येते. या वाटेवर काय पाहावे, सायकल कशी चालवावी आणि या जंगलाचा आपल्या रोजच्या जीवनाशी काय संबंध आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सांताक्रूझला राहणाऱ्या मुलाला सायकल येते. पण ती चालवायची कुठे, हा प्रश्न त्याला रोज पडतो. स्वामी विवेकानंद मार्गावर बस, रिक्षा आणि मोटारी यांची रांग असते. पश्चिम द्रुतगती महामार्गावर तर सायकल नेण्याची हिंमतच होत नाही. मागून हॉर्न वाजतो, पुढे अचानक रिक्षा थांबते. म्हणून आई म्हणते, "गल्लीतच चालव, मोठ्या रस्त्यावर जाऊ नकोस."

पण याच महामार्गाला लागून, बोरिवलीला, एक वेगळा रस्ता सुरू होतो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने नाहीत, इमारती नाहीत. तिथे झाडे आहेत. तो रस्ता आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा.

सांताक्रूझहून लोकल गाडीने उत्तरेकडे निघाले, की सुमारे सोळा किलोमीटरवर बोरिवली स्टेशन येते. स्टेशनच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. घरची सायकल गर्दीच्या लोकलमधून नेता येत नाही. पण त्याची गरजही नाही. उद्यानात सायकली भाड्याने मिळतात. सोमवारी मात्र उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवावे.

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे. त्याचा काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि काही भाग ठाणे जिल्ह्यात येतो. प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर आहेत. उद्यानाची बस अधूनमधून या रस्त्याने जाते, म्हणून सायकल नेहमी डाव्या बाजूनेच चालवावी. पण शहरातली वर्दळ इथे नाही. थोडे आत गेले, की महामार्गाचा आवाज मागे पडतो आणि सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येऊ लागतो. मग पक्ष्यांचे आवाजही ओळखता येतात.

चढ आणि उतार

सपाट रस्त्यावर सायकल चालवणे सोपे असते. डोंगरातल्या रस्त्यावर मात्र सायकलस्वाराची परीक्षा होते. कान्हेरीच्या वाटेवर सुरुवातीला लहान लहान चढउतार आहेत. लेणी जवळ आली, की खरा चढ लागतो.

चढावर दम का लागतो? सपाटीवर आपण सायकल फक्त पुढे ढकलतो. चढावर आपले आणि सायकलचे वजन वरही उचलावे लागते. गिअर असलेल्या सायकलला मागच्या चाकाजवळ लहानमोठी दातेरी चक्रे असतात. साखळी मोठ्या चक्रावर घेतली, की पॅडल हलके होते. पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, वेग कमी होतो, पण चढ चढता येतो. सायकलला गिअर नसतील, तर खाली उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही. चालताना जंगल अधिक चांगले दिसते.

उतारावर खरी काळजी घ्यावी लागते. वेग आपोआप वाढतो. घाबरून फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर सायकल उलटण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. वळण येण्याआधीच वेग कमी करावा. पावसाळ्यात रस्त्यावर ओली पाने आणि शेवाळ असते. अशा जागी चाक घसरते. निघण्यापूर्वी ब्रेक, घंटी आणि चाकांतील हवा तपासावी. पाण्याची बाटली बरोबर घ्यावी.

वाटेवरचे जंगल

या जंगलात साग, ऐन, पळस, काटेसावर आणि बांबू आहेत. पावसाळ्यात सारा डोंगर हिरवा होतो. उन्हाळ्याच्या आधी पळसाला केशरी फुले येतात. तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. इथे कारवी नावाचे झुडूप आहे. ते आठ वर्षांतून एकदा फुलते. येथील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली होती. आता पुढचा बहर कधी येईल, हे तुम्हीच मोजून सांगा. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?

जंगलात चितळ, सांबर, माकडे आणि बिबटेही आहेत. एवढ्या मोठ्या शहराला लागून बिबट्या राहतो, ही जगात फार क्वचित आढळणारी गोष्ट आहे. बिबट्या बहुधा संध्याकाळनंतर आणि रात्री फिरतो. म्हणून उजेड असतानाच परत यावे, एकट्याने आडवाटेला जाऊ नये. या डोंगरात वारली आणि इतर आदिवासी लोकांचे पाडे आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. त्यांनी बिबट्याच्या शेजारी राहण्याची रीत पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे.

लेण्यांमधील जुने प्रवासी

कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' या शब्दावरून आले. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. या काळ्या दगडात शंभराहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास हे काम सुरू झाले आणि अनेक शतके चालले. येथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांची नावे आहेत. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि इतर लोकांनी लेण्यांसाठी दान दिले होते.

लेण्यांच्या बाजूला दगडात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांना पोढी म्हणत. पावसाचे पाणी लहान लहान पन्हळींतून या टाक्यांत येत असे. नळ नव्हते, पंप नव्हते. तरी डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंना पाणी मिळत असे.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी भाषेतील लेख आहेत. पहलवी ही जुन्या इराणची भाषा. आजच्या फारसीचे नाते तिच्याशी आहे. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी लोकांनी आपली नावे येथे लिहून ठेवली. हजार वर्षांपूर्वी ते हे ठिकाण पाहायला आले होते! आज मात्र कोणीही दगडावर नाव कोरू नये. जुना लेख हा इतिहास आहे. आज कोरलेले नाव म्हणजे ऐतिहासिक वास्तूची नासधूस.

सायकल किती दूर नेते?

सहा-सात किलोमीटर हे काही फार मोठे अंतर नाही. पण मुंबईच्या तरुणांनी सायकलवरून साऱ्या जगाची फेरी केली आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकली घेऊन मुंबईहून निघाले. इराण, इराक, सीरिया, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा त्यांचा मार्ग होता. वाटेत वाळवंटे होती, बर्फाचे डोंगर होते. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पूर्ण फेरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. मजल दरमजल करीत ते सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरले. त्यांच्या सायकलींना इंजिन नव्हते. पाय आणि जिद्द, एवढेच त्यांचे बळ होते.

हे जंगल आपले कोण?

उद्यानाच्या हद्दीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधून झाला. मुंबईला पिण्याचे पाणी देणारे इतर तलाव शहरापासून दूर आहेत. शहराच्या हद्दीत हे दोनच. भोवतालचे जंगल त्यांचे पाणी सांभाळते. म्हणून तलावांकडे परवानगीशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत.

विहार आणि पवई या तलावांतून पावसाळ्यात वाहून येणाऱ्या पाण्यापासून मिठी नदी सुरू होते. ती विमानतळाजवळून, कुर्ला आणि कलिना यांच्या बाजूने वाहत माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे डोंगरावर पडलेला पाऊस सांताक्रूझच्या शेजारून समुद्राकडे जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठीला पूर आला, घरांत पाणी शिरले, अनेकांचे प्राण गेले. इतका पाऊस कोणतेही जंगल पूर्णपणे अडवू शकत नाही. पण डोंगरावर झाडे नसती आणि सगळीकडे सिमेंट असते, तर पाणी आणखी वेगाने खाली आले असते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि माती पाणी मुरवते.

शहर वाढते आहे. लोकांना रस्ते हवे आहेत. ठाणे आणि बोरिवली जोडणाऱ्या, या डोंगराखालून जाणाऱ्या बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. लवकर घरी पोहोचावे, असे कामावरून परतणाऱ्या माणसाला वाटणारच. त्याचबरोबर पाणी, सावली आणि शांतता हीसुद्धा माणसाची गरज आहे. या दोन्ही गरजांचा मेळ कसा घालायचा, हे उद्या तुम्हालाच ठरवावे लागेल.

त्यासाठी आधी हे जंगल पाहिले पाहिजे. मोटारीच्या काचेतून ते नीट दिसत नाही. सायकलचा वेग पाहायला पुरेसा असतो. ती धूर सोडत नाही, प्राण्यांना घाबरवत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घ्या आणि सकाळीच निघा. खाऊचे कागद पिशवीत परत आणा, माकडांना खायला देऊ नका, मोठ्याने गाणी लावू नका. चढावर दम लागला, तर झाडाखाली थोडे थांबा. मग पुन्हा पॅडलवर पाय ठेवा.

शब्दार्थ

वर्दळ – ये-जा, गर्दी
दातेरी – दात असलेले
शेवाळ – ओलसर जागी वाढणारी हिरवी, निसरडी वनस्पती
आडवाट – मुख्य रस्ता सोडून जाणारी वाट
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
पन्हळ – पाणी वाहून नेणारा अरुंद मार्ग
भिक्खू – बौद्ध साधू
वेधशाळा – हवामानाची नोंद घेणारी जागा
मजल दरमजल करणे – एकेक टप्पा पार करीत प्रवास करणे
मेळ घालणे – दोन गोष्टी एकमेकींशी जुळवून घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कान्हेरी हे नाव कोणत्या शब्दावरून आले?
(आ) मिठी नदी कोणत्या खाडीला मिळते?
(इ) जगाची सायकलफेरी पूर्ण करून तिघे तरुण मुंबईला कधी परतले?

२. कारणे लिहा.
(अ) उतारावर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबू नये.
(आ) उजेड असतानाच जंगलातून परत यावे.
(इ) तलावांकडे परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत.

३. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
उद्यानातील जंगलाचा सांताक्रूझच्या लोकांशी काय संबंध आहे?

४. खालील मराठी शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. उर्दूत ते कसे बोलतात, ते सांगा आणि मराठी वाक्यांत त्यांचा उपयोग करा.
रस्ता, हवा, आवाज, शहर, परवानगी, मजल

५. उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. त्यावर सायकल चालवायला सुरक्षित जागा हिरव्या रंगाने आणि धोक्याच्या जागा लाल रंगाने दाखवा. नकाशाबद्दल वर्गात पाच वाक्ये मराठीतून बोला.