गप्पीदास कसा ओळखाल?

नागपुरात थंडीची चाहूल लागली की माळरानावर एक चिमुकला पाहुणा येतो. चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम १३ सेंमी लांब. नाव मात्र मजेदार, गप्पीदास! इंग्रजीत सायबेरियन स्टोनचॅट. त्याची वीण सायबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयात होते. हिवाळा तो आपल्याकडे काढतो. चला, त्याला ओळखायला शिकू.

१) बैठक : गवताची काडी, तुरीचा शेंडा, पऱ्हाटी नाहीतर कुंपणाची तार. टोकावर, अगदी उघड्यावर बसतो. शेपटी सारखी हलवतो. खाली किडा दिसला की झेप घेऊन टिपतो आणि पुन्हा वर येऊन बसतो.

२) नर : डोकं काळं, मानेच्या बाजूला पांढरा डाग, छाती नारिंगी. पण थांबा! पुस्तकातलं हे चित्र बहुधा विणीच्या काळातलं असतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पिसांच्या तपकिरी कडांखाली काळा रंग झाकलेला असतो. पुढे या कडा झिजतात आणि काळं डोकं उघडं पडतं. म्हणजे नोव्हेंबरातला मळकट पक्षी आणि मार्चमधला देखणा पक्षी एकच असू शकतो.

३) मादी : फिकट तपकिरी, पाठीवर रेघा, डोळ्यावर फिकट भुवई. इथेच घोटाळा होतो. वर्षभर इथे राहणाऱ्या कवड्या गप्पीदासाची मादीही तपकिरीच. पण ती जास्त गडद असते आणि तिला अशी भुवई नसते. त्याचा नर मात्र काळाकुट्ट, पंखावर पांढरा पट्टा.

४) आवाज : दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा 'टक् टक्'. स्टोनचॅट हे नाव त्यावरूनच पडलं.

आता महत्त्वाचं. ज्या जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो, तीच या पक्ष्याची हिवाळ्यातली खानावळ आहे. तिथे प्लॉट पडले तर त्याची जागा जाते. आणि दाट झाडं लावली तरीही जाते, कारण त्याला मोकळं गवतच लागतं. म्हणून नुसतं ओळखून थांबू नका. तारीख, ठिकाण आणि संख्या वहीत लिहा, ई-बर्डवरही टाका. जमीन रिकामी नव्हती, याचा तो पुरावा असतो.

स्वाध्याय : गोरेवाडा, अंबाझरी किंवा गावाजवळच्या धुऱ्यावर सकाळी अर्धा तास थांबा. तपकिरी पक्षी दिसला, तर आधी काय पाहाल? भुवई!