प्रतिग्रहाचा संकोच

दानाविषयी आपल्याकडे जितके लिहिले व बोलले गेले आहे, तितके घेण्याविषयी नाही. कोणी प्रेमाने वस्तू पुढे केली की 'अहो, कशाला उगीच' हे शब्द आधी तोंडून निघतात आणि हात मागाहून पुढे होतो. हे शब्द नुसत्या शिष्टाचाराचे नव्हेत; मन खरोखरच अवघडलेले असते. हे अवघडणे कोठून येते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या घरची चूल पिढ्यान् पिढ्या दक्षिणा व शिधा यांवर पेटत आली आहे, तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार वाचक आम्हांस देतील अशी आशा आहे.

मनुस्मृतीत ब्राह्मणाची जी सहा कर्मे सांगितली आहेत, त्यांपैकी याजन, अध्यापन व प्रतिग्रह ही तीन उपजीविकेची होत. या तिहींत प्रतिग्रह सर्वांत कमी प्रतीचा गणला आहे. शिवाय चौथ्या अध्यायात असेही बजाविले आहे की, घेण्यास पात्र असणाऱ्यानेही घेण्याची चटक लावून घेऊ नये. त्याने तेज क्षीण होते. ज्यांना घेण्याची मोकळीक दिली, त्यांनाच हा इशारा दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संकोच हे आजकालच्या शिकलेल्या मंडळींचे खूळ आहे, असे कोणी म्हणू नये.

संसारी माणसाचा संकोच बहुधा परतफेडीचा असतो. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, हे आपल्याकडे मुलींना लहानपणीच शिकविले जाते. लग्नातील आहेर वहीत टिपून ठेवतात. आमच्या वडोदऱ्यात गुजराती शेजाऱ्यांच्या मंडपात चांदला लिहून घेणारे गृहस्थ वही उघडून बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. यात वावगे काही नाही. एकाच्या कार्यास दहांचा हातभार लागतो. परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानास राजस म्हटले आहे, आणि ज्याच्याकडून उलट काही मिळावयाचे नाही अशाला दिलेले ते सात्त्विक. मग घेणाऱ्याने काय करावे? आपण परत काही देऊ शकणार नाही, हे मान्य करून घ्यावे लागते. अवघड आहे ते हेच.

कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा अनेकांस ठाऊक असेल. वरतंतु ऋषींचा हा शिष्य चौदा विद्या शिकला. तुझी सेवा हीच मला दक्षिणा, असे गुरूंनी सांगितले, तरी त्याने दक्षिणेचा हट्ट सोडला नाही. अखेर गुरू रागावले आणि विद्येमागे एक कोटी याप्रमाणे चौदा कोटी सुवर्ण त्यांनी मागितले. कीर्तनात ही कथा गुरुभक्तीची म्हणून सांगतात. आम्हांस मात्र असे वाटते की, गुरूंनी फुकट दिलेले कौत्साला पचेना, तेथूनच सर्व संकट उद्भवले. तो रघूकडे गेला, तो रघू विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला. पाहुण्याला अर्घ्य द्यावयास त्याच्याजवळ मातीचे पात्र! पुढे कुबेराने सुवर्णाची वृष्टी केल्यावर रघू म्हणतो, हे सर्व घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यावयाचे तेवढेच नेईन. अयोध्येच्या लोकांनी दोघांचेही कौतुक केले. याचकाचे कौतुक झाल्याचे असे प्रसंग विरळाच. एवढे मात्र खरे, की या खेपेस त्याने नको म्हटले नाही. किती घ्यावयाचे ते त्याला ठाऊक होते.

तैत्तिरीय उपनिषदात गुरू घरी निघालेल्या शिष्यास दानाविषयी सांगतात, तेव्हा देणाऱ्यानेच लज्जा बाळगून द्यावे, असे त्यांचे सांगणे आहे. संकोचाचा अर्धा वाटा असा देणाऱ्याकडे गेला, तर घेणाऱ्याची मान बरीच मोकळी होते.

आम्ही आठवीत असताना तीर्थरूपांबरोबर एका घरी सत्यनारायणास गेलो होतो. यजमानांचा मुलगा आमच्याच वर्गातला. पूजा झाल्यावर त्याने शिध्याचे ताट व सदऱ्याचे कापड आणून आमच्यापुढे ठेवले आणि आईच्या सांगण्यावरून आम्हांस वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी शाळेत दोघेही त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. त्या कापडाचा सदरा आईने शिवून घेतला. तो घालून शाळेत जाण्याचे आम्ही वर्षभर टाळले.

ही लाज मनात राहिली असावी. पुढे एकदा तीर्थरूप आजारी असताना एका वृद्ध बाईंकडे आम्ही एकटेच गेलो. यजमानांच्या तिथीस त्या आमान्न व दक्षिणा देत. घरची स्थिती दिसतच होती. तांदूळ, डाळ, गूळ आम्ही घेतले, दहा रुपयांची दोन नाणी मात्र परत त्यांच्यापुढे ठेवली व म्हटले, "आजी, हे राहू द्या." त्या काही बोलल्या नाहीत. आपण मोठे उदारपणाचे कृत्य केले, अशा समजुतीत आम्ही घरी आलो.

पुढल्या वर्षी बोलावणे आले नाही. तीर्थरूपांनी कारण विचारले, तेव्हा आम्ही घडले ते सांगितले. दक्षिणेवाचून झालेल्या यज्ञाला गीतेने तामस म्हटले आहे, एवढेच ते बोलले आणि आम्हांस त्यांच्याकडे धाडले.

बाईंनी आत बोलावून पाणी दिले. "गेल्या वर्षीचे पुरे झाले नाही, असे मनाला लागून राहिले होते," त्या म्हणाल्या. "वाटले, आमचे पैसे चालत नाहीत." मग देवघरातून कापडाची एक लहानशी पुरचुंडी आणून त्यांनी सोडली. तीच दोन नाणी होती. पळीभर पाणी सोडून त्यांनी ती आमच्या ओंजळीत घातली. आम्ही 'स्वस्ति' म्हटले.

घरी येऊन नाणी तीर्थरूपांच्या हाती दिली. त्यांनी ती फडताळातल्या डब्यात इतर पैशांत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यातील पैशांनी दूध आले.