गावाचा नकाशा : आधी पाय, मग फळा, शेवटी पडदा

नकाशा वाचता येणे याचा अर्थ रेखाटलेली रेघ व पायाखालची वाट एकच आहे, हे ओळखता येणे. आज शिक्षकाच्या हातातील मोबाईलवर साऱ्या पृथ्वीचा नकाशा पाहता येतो. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप, २००५ सालचा गूगल मॅप्स आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००९ साली खुले केलेले ‘भुवन’ ही त्यांतील परिचित साधने होत. परगावचा रस्ता शोधण्यासाठी आपण ती वापरतोच, पाठासाठीही वापरावीत. मात्र क्रम चुकवू नये.

पहिला दिवस : मुलांना घेऊन गावातून फेरी काढावी. उगवतीकडे तोंड करवून दिशा ठरवाव्यात. शाळा ते विहीर, विहीर ते देऊळ ही अंतरे पावलांनी मोजवून घ्यावीत. परतल्यावर उत्तर दिशा वर धरून फळ्यावर नकाशा काढवून घ्यावा. दहा पावलांस एक सेंटिमीटर हे प्रमाण पुरे.

दुसरा दिवस : पाच-पाच मुलांच्या गटास उपग्रहावरून घेतलेले गावाचे चित्र दाखवावे. शाळेत जाळे मिळत नसल्यास ते आधीच साठवून आणावे. चित्रात झाडाची सावलीही दिसते, पण ओढ्याचे नाव दिसत नाही. नाव माणसाने द्यावे लागते, हा भेद प्रश्नोत्तरांनी काढून घ्यावा. चित्र लहानमोठे करताना कोपऱ्यातील प्रमाणरेषेवरचा आकडा बदलतो, तिकडेही लक्ष वेधावे.

तिसरा दिवस : फळ्यावरील नकाशा व पडद्यावरील नकाशा ताडून पाहावेत. कोणती वस्ती, कोणती पाऊलवाट पडद्यावर नाही, याची यादी मुलांनीच करावी. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल नकाशात बारमाही रस्त्यासारखाच दिसतो, हेही त्यांस उमगावे.

ही यादी वहीतच ठेवू नये. रात्री आजाऱ्यासाठी बोलावलेली रुग्णवाहिका वस्तीचे नाव नकाशात न सापडल्याने फाट्यावरच घुटमळली, तर ती उणीव कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर रेखाटले व मदतपथकांना त्यांचा उपयोग झाला. तेथे कोणासही नाव नोंदवून भर घालता येते. शिक्षकाने वडीलधाऱ्यांस विचारून नावे निश्चित करावीत व प्रत्यक्ष पाहिलेलेच नोंदवावे. गूगलच्या नकाशाची नक्कल तेथे चालत नाही. मुलांची नावे व कोणाची खाजगी माहिती मुळीच देऊ नये.

एखादे मूल पडद्यावर बोट ठेवून, “गुरुजी, आमच्या वस्तीची वाट यात नाही,” असे आपण होऊन सांगेल, तेव्हा पाठ साधला असे समजावे.