परत आणता आला तोच बॅकअप

मारुंजीत राहून हिंजवडीतले सर्व्हर सांभाळणाऱ्या, चाकणच्या कारखान्यांची ड्रॉइंग जपणाऱ्या पोरापोरींनो, कमांड मॅन्युअलमध्ये सापडतात. त्या कधी द्यायच्या आणि कुठे हात आखडायचा, ते सांगतो. उदाहरणं रेस्टिक या बॅकअप साधनाची आहेत. बोर्ग वापरत असाल तरी बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी हिशेब, मग कमांड. 10 टेराबाइट डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायला, लाइन क्षणभर न थांबता चालली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. सेकंदाला 150 एमबी लिहिणाऱ्या यूएसबी डिस्कवर तोच डेटा एकोणीसेक तासांत उतरतो. म्हणून पहिला बॅकअप डिस्कवर घ्या, डिस्क गाडीत घालून दुसऱ्या जागी न्या आणि रिपॉझिटरी तिथे उतरवा. पुढे रोजचा बदल तेवढा लाइनवरून जाऊ द्या.

काय घ्यायचं नाही ते ठरवा. कॅशे, तात्पुरत्या फाइली, पुन्हा तयार करता येणारं बिल्ड, यांची यादी एका फाइलीत लिहून ठेवा. यादी बदलली की ड्राय-रन देऊन बघा. नको ते वगळताना हवं तेही वगळलं जातं.

डेटा आधीच दाबून देऊ नका. रेस्टिक मजकूर पाहून फाइलीचे सरासरी एक एमबीचे तुकडे पाडतं आणि एकच तुकडा दोनदा साठवत नाही. डेटाबेसचा डम्प तुम्ही जीझिप करून दिलात, तर आतली एक नोंद बदलली तरी पुढचे सगळे बाइट बदलतात आणि रोज अख्खी फाइल नव्यानं चढते. डम्प साधाच द्या. 2022 च्या 0.14 आवृत्तीपासून दाबण्याचं काम रेस्टिक स्वतः करतं.

मशीनचं नाव आणि फोल्डरचा मार्ग बदलू नका. रेस्टिक मागचा स्नॅपशॉट या दोन खुणांवरूनच शोधतं. कंटेनरमधून चालवलं की दर वेळी होस्टचं नाव नवं होतं आणि टेराबाइटच्या टेराबाइट फाइली पुन्हा पहिल्यापासून वाचल्या जातात. कमांडमध्ये होस्ट स्वतः नेमून द्या. रात्रभराचं काम तासाभरावर येतं ते अशा एका शब्दानं.

लाइट जाणार असं धरून चाला. वळवाच्या पावसात घरचा राउटर बंद पडला, तर लॅपटॉपच्या खिडकीत चाललेली कमांडही मरते. लांबलचक काम सर्व्हरवर टीमक्समध्येच सुरू करा. तरीही मधेच तुटलं, तर तीच कमांड पुन्हा द्या. चढलेले बहुतेक तुकडे परत चढत नाहीत. कुलूप अडकलं दिसलं तर अनलॉक देण्याआधी दुसरीकडे खरंच काही चालू नाही ना, ते बघा.

फरगेट रोज, प्रून आठवड्यातून एकदा. फरगेट जुन्या स्नॅपशॉटची नुसती नोंद पुसतं, ते हलकं काम. प्रून तुकडे हलवतं आणि तेवढा वेळ रिपॉझिटरी अडवून धरतं. मोठ्या साठ्यात थोडी मोकळी जागा वाया गेली तरी चालेल. मॅक्स-अनयूज्ड 5 टक्क्यांवरून 10 वर नेलंत, तर फेरमांडणी पुष्कळ वाचते.

तपासणी वाटून घ्या. साधं चेक फक्त रचना बघतं, आतला डेटा वाचत नाही. रीड-डेटा-सबसेटला या आठवड्यात 1/10 द्या, पुढच्या आठवड्यात 2/10. दहा आठवड्यांत सगळा साठा वाचून होतो.

दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली. 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या फाइली जळाल्या. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच आवारात ठेवणाऱ्यांचं दोन्ही गेलं. मशीन हिंजवडीत असेल तर प्रत हिंजवडीबाहेर हवी. पासवर्डही कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा; तो हरवला तर रिपॉझिटरी कुणालाच उघडता येत नाही.

शांतता म्हणजे यश समजू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा कळलं, की डम्प आवृत्ती न जुळल्यानं फसत होता आणि तसं कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून काम झाल्याचा निरोपही मागा. तो आला नाही तर धावा. रेस्टिकनं 3 हा एक्झिट कोड दिला, तर काही फाइली वाचता आल्या नाहीत, असं समजा आणि त्याच दिवशी कारण शोधा.

महिन्यातून एकदा एखादा फोल्डर वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, फाइल उघडून बघा, लागलेला वेळ वहीत लिहा. आणि हे दर वेळी नव्या माणसाला करायला लावा. तुम्ही रजेवर असाल तेव्हा डेटा परत आणायचा आहे तो त्यालाच.