जहाज सुटण्यापूर्वी

मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याला परदेशचे प्रवासी जहाज पुष्कळदा सकाळी लागते व सायंकाळी सुटते. बहुतेक प्रवासी तेवढ्या वेळात जवळचे गेटवे ऑफ इंडिया पाहून परततात. एखादा जिज्ञासू मात्र बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांची वाट धरतो.

चर्चगेटहून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर आहे. जलद लोकलने तासाभराचा प्रवास. मुलांनो, सकाळी उपनगरांतील लोक कामासाठी दक्षिणेकडे लोटतात. हा पाहुणा उत्तरेस जात असल्याने त्याला बसावयास जागा मिळते! बोरिवली पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तेथून लेणी आणखी सहा-सात किलोमीटर आत आहेत, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. सोमवारी उद्यान बंद असते. त्या दिवशी हा बेत सोडलेलाच बरा.

डोंगराच्या काळ्या पाषाणात येथे शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. त्यांच्यालगत पावसाचे पाणी साठविणारी टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांपैकी कित्येक जण सोपारा व कल्याण या प्राचीन बंदरांचे रहिवासी होते. बंदरांशी या डोंगराचे नाते असे जुने आहे.

येथे मन रमते; परंतु जहाज कोणासाठी खोळंबत नाही. ते सहाला सुटणार असेल, तर पाचला धक्का गाठावा लागतो. त्यासाठी साडेतीनला बोरिवलीहून गाडी पकडावी, आणि लेणी अडीचलाच सोडावीत.