टॅबने आधी मुलाचे ऐकावे
(एका छात्राध्यापिकेचा अभ्यासलेख)

दुर्गम पाड्यांवरच्या शाळांत आणि आपल्या अभ्यासिकांत आता टॅब, मोबाईल, कुठे कुठे सौर ऊर्जेवर चालणारा टीव्हीही पोहोचला आहे. देणगीदारांनी आपुलकीने दिलेली ही साधने कपाटात पडून राहू नयेत, असे आपल्या सर्वांनाच वाटते. पण मूल जिथे वाचायला शिकते, त्या पहिली-दुसरीच्या वर्गात या साधनांचे नेमके काम कोणते, याचा विचार कमी होतो. डी.एल.एड.च्या आंतरवासितेत मेळघाटातील कोरकू मुलांना शिकवताना जे पाहिले आणि करून बघितले, ते कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

वाचन म्हणजे काय?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरांवरून शब्द उच्चारता येणे आणि ती भाषा समजणे, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते.

आदिवासी मुलाच्या बाबतीत हा गुणाकार फार महत्त्वाचा आहे. कोरकू ही मुंडा गटातील भाषा. तिचे नाते संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे, मराठीशी नाही. घरी मूल ज्याला ‘डा’ म्हणते, त्याला पुस्तक ‘पाणी’ म्हणते. गडचिरोलीकडच्या गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी तेच ‘येर’ असते. ‘प’ला काना ‘पा’, ‘ण’ला दुसरी वेलांटी ‘णी’, असे मुलाने बिनचूक जुळवले, तरी त्याच्या डोळ्यांसमोर ओढ्याचे पाणी येत नाही. उच्चार झाला, वाचन झाले नाही.

पाठांतराचा भास

टॅबवरच्या गोष्टींचे व्हिडिओ मुलांना मनापासून आवडतात. तीन-चार वेळा पाहिले की सगळा वर्ग एका सुरात गोष्ट म्हणू लागतो. पाहुण्यांना वाटते, मुले छान वाचतात. दुसरीतली एक मुलगी अशीच एक गोष्ट घडाघडा म्हणत होती आणि तिचे बोट भलत्याच ओळीवर होते. यात तिचा काही दोष नाही. हलत्या चित्राकडे डोळा जातो, अक्षरांकडे जात नाही. शिवाय व्हिडिओ आपल्या वेगाने पुढे सरकतो. मूल एका शब्दापाशी अडले म्हणून तो थांबत नाही.

मूल खरेच वाचते आहे का, हे तपासायला तीन सोपे उपाय आहेत. आवाज बंद करून वाचायला सांगावे. चित्र हाताने झाकावे. ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून त्यांचा क्रम बदलावा. पाठ झालेली गोष्ट यातल्या एखाद्या पायरीवर अडतेच.

यंत्र काय चांगले करते?

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. ‘बालभारती’च्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’वरचे साहित्य मिळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, आपल्या भाषेत करता येतात. गुगलचे ‘बोलो’ हे २०१९ मध्ये आलेले ॲप पुढे ‘रीड अलाँग’ झाले. मूल मोठ्याने वाचू लागले की ते ऐकते आणि अडले तिथे मदत करते. न कंटाळता दहा वेळा ऐकणे, हा यंत्राचा मोठा गुण आहे. पण ते मराठी ऐकते, कोरकू ऐकत नाही. गुणाकारातला दुसरा आकडा, म्हणजे भाषेची समज, त्याच्याकडून मिळत नाही. ती मुलाच्या घरातूनच घ्यावी लागते.

या विचाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. पाने, बिया, शंख, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधने होती. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. साधन महाग की स्वस्त, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. ते मुलाच्या जगातले आहे का, एवढेच त्या पाहत. टॅबलाही आपण हीच कसोटी लावावी.

पाच दिवसांचा पाठ

या कसोटीवर टॅबचे सर्वांत मोलाचे बटण म्हणजे ध्वनिमुद्रणाचे. त्याला नेटवर्क लागत नाही.

पहिला दिवस : पाच-सहा मुलांचा गट घ्यावा. घरची एखादी गोष्ट, घडलेला प्रसंग किंवा काम त्यांनी आपल्या भाषेत सांगावे. ते टॅबवर मुद्रित करावे.

दुसरा दिवस : मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत मुलांच्याच भाषेतली चार-पाच वाक्ये देवनागरीत मोठ्या कागदावर लिहावीत. आपल्याला भाषा येत नसेल तर अंगणवाडीताई, एखादी आजी किंवा पाचवीतला मोठा भाऊ शेजारी बसवावा. मग ओळीखाली बोट फिरवत सर्वांनी वाचावे.

तिसरा दिवस : त्यातले दहा शब्द पत्त्यांवर लिहावेत. पत्ते ओळखणे, जुळवणे, सारख्या अक्षराने सुरू होणारे शब्द शोधणे, असे खेळ घ्यावेत.

चौथा दिवस : तीच वाक्ये मराठीत, शेजारच्या कागदावर. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे मराठी शब्द परका राहत नाही.

पाचवा दिवस : प्रत्येक मुलाने वाचावे, ते मुद्रित करावे आणि त्याचे त्यालाच ऐकवावे. अडखळलेली जागा मूल बहुधा स्वतःच ओळखते.

भलत्या ओळीवर बोट ठेवणाऱ्या त्याच मुलीने पहाटे मोहफुले वेचायला गेल्याची हकिकत सांगितली. पहिल्यांदाच ती इतके बोलली. चौथ्या दिवशी गटातला एक मुलगा मराठी कागद वाचताना अंदाजाने ‘आईची टोपली’ म्हणाला. तिने त्याला लगेच थांबवले, ‘आजीची’ या शब्दावर बोट ठेवले आणि टोपली आईची नव्हती, असे बजावले. अक्षर आणि अर्थ तिने एकमेकांशी ताडून पाहिले होते. वाचनाची खरी सुरुवात हीच.

काही पथ्ये

मुद्रणापूर्वी पालकांची संमती घ्यावी. मुलांचा आवाज किंवा चित्र मोबाईलच्या गटांवर पाठवू नये. पडद्याचा वेळ थोडाच ठेवावा. बाकीचा वेळ कागद, बोट आणि बोलणे यांचा. तयार झालेले कागद शिवून त्यांचे पुस्तक करावे आणि ते वर्गात मुलांच्या हाताला लागेल असे टांगावे. टॅबची बॅटरी संपली तरी ते पुस्तक उघडता येते.

हे आताच का?

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. कागदावर दिशा स्पष्ट आहे. पाड्यावर मात्र तिसरीनंतर प्रत्येक विषय पुस्तकातून शिकायचा असतो, आणि वाचता न येणारे मूल हळूहळू मागच्या रांगेत सरकते. ते गोंधळ करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे आश्रमशाळेत, घरापासून दूर, त्याचे गप्प राहणे आणखी वाढते. त्याआधी दोन वर्षे त्याचे बोलणे कोणीतरी ऐकून कागदावर उतरवले, तर ते टळू शकते.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या अभ्यासिकेतील टॅब आठवड्यात किती वेळ ऐकवतो आणि किती वेळ मुलांचे ऐकतो?
२. मुलांच्या घरची भाषा येणारी कोणती व्यक्ती आठवड्यातून एक तास देऊ शकेल?
३. आपल्या गटातले कोणते मूल घडाघडा म्हणते, पण वाचत नाही? येत्या आठवड्यात त्याच्यापासून सुरुवात कशी करू?