ग्रास कटर रेस का घेत नाही?

दसरा उलटला, की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते आणि मेकॅनिकच्या दारात ग्रास कटरची रांग लागते. तक्रारी ठरलेल्या. दोरी ओढून हात गळाला तरी चालू होत नाही. चालू झालेच तर रेस घेत नाही. रेस घेतली तर गवतात घातल्याबरोबर बसते. यातली बरीच मशीन घरच्या पडवीतच सुधारण्यासारखी असतात. फक्त कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी टाकीत काय आहे ते बघायला हवे.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑईलची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईलच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण पुरवते. लुना चालवलेल्या पिढीला हे सांगायची गरज नाही. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणे आणि ट्रॅक्टरचे उरलेले इंजिन ऑईल वापरणे, दोन्ही सवयी महागात पडतात. ऑईल जास्त झाले तर प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बनने भरतो. कमी झाले तर पिस्टन धरतो.

खरी गोम शिळ्या मिश्रणात आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. अर्धी भरलेली टाकी कोकणातल्या पावसाळ्यात दोन-तीन महिने तशीच राहिली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकते. ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर तळातून ओढतो, म्हणजे इंजिनला नेमका बिनवंगणाचा थर मिळतो! म्हणून जुने मिश्रण पारदर्शक बाटलीत ओतून थोडा वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, गढूळ वाटले किंवा वार्निशसारखा उग्र वास आला, तर ते पुन्हा वापरू नये. टाकी धुवावी, फिल्टर बदलावा, पेट्रोलची नळी वाकवून बघावी. जुनी नळी बाहेरून धड दिसते आणि वाकवल्यावर भेग उघडते.

मग प्लग काढावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. काळे नि ओले असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, किंवा हवा कमी. अशा वेळी एअर फिल्टर बघावा. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवला तरी काम होते. टोक पांढरेफटक असेल तर मात्र सावध राहावे. पेट्रोल कमी पडते आहे, किंवा गॅस्केट अथवा ऑईल सीलमधून फालतू हवा शिरते आहे. असे मशीन आपोआप रेस वाढवते आणि ऐकणाऱ्याला वाटते, काय जोरात चालले आहे! ते तिथल्या तिथे बंद करावे. प्लगची फट बहुतेक मशीनला ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते.

पाच-दहा मिनिटे छान चालून बंद पडणाऱ्या मशीनचा दोष कधी कधी टाकीच्या झाकणात असतो. झाकणातले हवेचे बारीक छिद्र मातीने बुजले, की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ आवाज आला आणि मशीन पुन्हा चालू झाले, तर रोग सापडला. छिद्र साफ केले की काम झाले.

चालू होते, पण ताकद नाही, असे असेल तर थंड इंजिनाचा सायलेन्सर बघावा. अनेक मशीनच्या सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती कार्बनने लिंपली, की धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन गुदमरते. तारेच्या ब्रशने जाळी घासली, तर कित्येकदा कार्बोरेटर खोलायची वेळच येत नाही. कार्बोरेटरचा पडदा कडक झाला असेल तर बदलावा. स्क्रू फिरवायचेच असतील, तर आधी किती फेरे आहेत ते लिहून ठेवावे.

एवढे करूनही दम नसेल, तर प्लग बसवलेले, बंद असलेले मशीन दोरीच्या मुठीला धरून जमिनीपासून थोडेसेच वर उचलावे. स्वतःच्या वजनाने ते टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली आले तर कॉम्प्रेशन ठीक. सरसर घसरले तर रिंग किंवा सिलिंडर गेला आहे. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनकडे पाहावे. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर दोरी ओढणे थांबवावे आणि मशीन खोलण्याआधी मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घ्यावा. हलक्या मशीनचे पिस्टन-सिलिंडर बदलण्यापेक्षा नवे मशीन घेणे कधी कधी परवडते.